बाकड्यावरचा कंपाउंडर

नंदूचे ओठ निळे पडले, मान कलली आणि घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सुई देऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. डॉक्टर अलिबागला गेलेले. दवाखान्यात आम्ही मायलेक आणि डॉक्टरांची नवी असिस्टंट, मानसी.

जाळ्यातून शिंगाळा मासा काढताना नंदूच्या हातात काटा घुसला होता, हात सुजून टम्म. मानसीनं डॉक्टरांना फोनवर विचारूनच सुई दिली. आधी मलाही विचारलं, "आजी, यांना कुठली सुई बाधते का?"

"न्हाय गो, दगड पचवील तो."

चूक माझी.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. चौथी शिकले, मासळी विकली, सासूला नि नवऱ्याला पोचवलं... कोणी परत आलं नाही. म्हणून ऐकलं तेवढंच लिहिते.

मानसी कपाट उपसत होती. एकदम थांबली, रिकाम्या बाकड्याकडे वळली — "कुठल्या खणात, काका?" मग खाली वाकून तळाच्या खणातून डबा काढला आणि नंदूच्या मांडीत दुसरी, उताऱ्याची सुई दिली. हळूहळू त्याचा श्वास मोकळा झाला.

त्याला गाडीतून अलिबागला नेताना तिनं विचारलं, "आजी, ते काका कुठे गेले? कानावर पेन्सिल लावलेले?"

"कोण काका?"

"बाकड्यावरचे. म्हणाले, ह्याला ही सुई चालत न्हाय, हे मी हिला कवाच सांगितलंय. पण मासळीच्या भावाशिवाय हिच्या ध्यानात काय राहतंय?"

मला असं एकच माणूस बोलायचा. दामूभाऊ, याच दवाखान्याचा जुना कंपाउंडर. औषध कडू आहे म्हटलं की म्हणायचा, "पेढा पायजे तर देवळात जा." सुईआधी हातावर थेंबभर औषध टोचून बाकड्यावर बसवायचा आणि घड्याळ बघत राहायचा. कोणी उठलं तर खेकसायचा. नंदू सहा वर्षांचा असताना तिथंच त्याचा हात लालभडक फुगला होता. दामूभाऊनं तेव्हा मला बजावलं होतं. मी विसरले. आता तसं बसवून ठेवणारं कोणी नाही, त्याची आठवण येते.

दामूभाऊला जाऊन बारा वर्षं झाली. मानसी कर्जतची, तिनं त्याचा फोटोही पाहिलेला नाही. डॉक्टर म्हणतात, घाबरल्यावर भास होतात. होत असतील. पण भासाला नंदूच्या लहानपणीचं कसं ठाऊक... मला अजून कळलेलं नाही.

नंदू वाचला. पंधरा दिवसांनी होडीवर गेला.