दसऱ्याचं कुंकू लागलेला टॅब

आमच्या मुख्याध्यापकांवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. ढाणकीपासून आत, बंजारा तांड्याला लागून आमची शाळा. तिला टॅब मिळाला तेव्हा त्यांनी तो डेडस्टॉक रजिस्टरला चढवला आणि लोखंडी कपाटात कोंडला. दसऱ्याला तेवढा बाहेर काढला. खडू, डस्टर आणि शाळेच्या घंटेशेजारी पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि परत कुलूप लावलं. चार्ज मात्र कधी केला नाही. पूजेला चार्जिंग लागत नाही.

माझ्या तिसरीच्या वर्गातली मुलं घरी गोरबोली बोलतात आणि पुस्तक मराठीत. डब्यातली बाटी, म्हणजे आपली भाकरीच, हातात घेऊन बसलेलं मूल मी ‘भाकरी’ म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. घोकून घेतलेले शब्द शाळा सुटेपर्यंत टिकायचे. ‘घोकून घ्या मॅडम, परीक्षेपुरतं बस्स,’ हा मुख्याध्यापकांचा सल्ला. शेवटी त्यांच्याशी कडाक्याचं भांडून मी कपाटाची किल्ली घेतली.

मग आमचं काम सुरू झालं. आळीपाळीनं एकेकानं टॅब घरी न्यायचा. घरातल्या एखाद्या वस्तूचा नाहीतर कामाचा फोटो काढायचा, ते कसं करतात, कशाला लागतं हे घरच्यांना विचारायचं आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आणायचं. वर्गात सगळ्यांनी ते ऐकायचं, त्याला मराठी शब्द शोधायचा, माझ्या मोबाइलच्या नेटवर पडताळायचा आणि वाक्यात वापरायचा. मुख्याध्यापक दारात उभे राहून ‘काय रेडिओ लावला’ म्हणत. मी त्यांच्याकडे पाठ करून शिकवत असे.

वर्गात एक मुलगी होती, ती तोंडच उघडायची नाही. तिची पाळी आली ती तिची याडी, म्हणजे आई, ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तिनं जे आणलं ते ऐकून वर्ग खूश झाला. बाटी कशी थापायची हे याडी सांगत होती, मधेच हसत होती, मधेच लेकीला हात धू म्हणून रागावत होती. त्या संध्याकाळी गाडी भरून माणसं गेली. मुलगी काकूकडे राहिली. तिकडे फोन फक्त टोळीच्या मुकादमाकडे, त्यामुळे मायलेकींचं बोलणं कधीतरीच व्हायचं.

तेव्हापासून ती परिपाठाच्या आधी येऊन टॅब मागायची. कानाला लावून तेच ऐकायची आणि मग मला विचारायची, याला मराठीत काय म्हणतात. पीठ, परात, थापणं, शेकणं. एकेक शब्द करत ती बोलायला लागली. अजून पूर्ण वाक्य जमत नव्हतं, पण येणार हे मला दिसत होतं, आणि मला त्याचा भयंकर आनंद होत होता.

मग शिक्षण खात्याच्या साहेबांची व्हिजिट लागली. आदल्या दिवशी माझ्याकडून मागून नेलेला टॅब त्या सकाळी मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हातानं वर्गात आणला. चकचकीत पुसलेला, कोपऱ्यावर कुंकवाचा ताजा टिळा. एखाद्या मुलानं तो चालवून दाखवावा, असं साहेब म्हणाले. मी अर्थातच तिला उठवलं. तिनं टॅब घेतला, बोट फिरवलं, परत फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, माह्या याडीचा आवाज याच्यात होता.”

साहेब खूश झाले. पूर्ण वाक्य बोलली, शाब्बास, म्हणाले. मुख्याध्यापकांनी मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. ती टाळ्यांच्या मधोमध उभी राहून अजून बोट फिरवत होती.

मी तिथंच, साहेबांसमोर विचारलं की रेकॉर्डिंग कुठं गेलं.

“समदं साफ केलं,” मुख्याध्यापक म्हणाले. “सायब येऊन राह्यले, अन् पोट्ट्याईनं फालतू आवाज भरून ठेवले होते. कोरा नको काय टॅब?”

अशा माणसाला काय म्हणावं! पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावं तसं त्यांनी एका लेकराच्या आईला झाडून टाकलं होतं, वर कौतुकाची वाट बघत होते. मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टॅब घरी पाठवायची लेखी परवानगी होती का, एवढंच विचारलं. नव्हती. मुख्याध्यापकांनी चहा मागवला.

पुढं परवानगीसुद्धा मी भांडून आणली. पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. तिची पाळी आली तेव्हा मी टॅब तिच्या दप्तरात ठेवायला गेले. तिनं दप्तराचं तोंड हातानं दाबून धरलं.

“कायले नेऊ?” ती म्हणाली. “सर पुसून टाकतीन.”

मराठी अगदी पक्की झाली होती तिची.