बीम म्हणजे झाड

पांडेसऱ्यात, कापड कारखान्यांच्या वस्तीत राहायचो तेव्हा ‘बीम’ हा शब्द इंग्रजी आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, लूमच्या कारखान्यात बीम चढवायचे. ताण्याचे धागे गुंडाळलेला तो जड रूळ सोबत्यांच्या मदतीने खांद्यावर घ्यायचा आणि मागावर बसवायचा.

मी नववीत होते. नव्वदीतली ती मधली वर्षं. आमच्या मराठी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी मला शहरातल्या एका वक्तृत्व स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. विषय होता ‘माझा आवडता इंग्रजी शब्द’. मी विचारलं, “बाई, बीम हा इंग्रजी शब्द आहे का? चालेल?”

बाई हसल्या नाहीत. कपाटातला जाडजूड शब्दकोश काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

त्यात बीम संपतच नव्हता. छताला आधार देणारा आडवा सोट तो बीम, तराजूची दांडी तो बीम, गाडीच्या दिव्याचा झोत तोही बीमच. आनंदाने चेहरा उजळला, तरी हाच शब्द! आणि खाली लिहिलं होतं, जुन्या इंग्रजीत याचा मूळ अर्थ झाड. आधी झाड, मग त्याचा ओंडका, मग बाकी सगळं.

संध्याकाळी जेवताना आप्पांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

“मंग मी रोज झाडच उचलस ना?”

“हो आप्पा.”

“तरीच इतकं जड लागस,” म्हणाले, आणि खदखदून हसले.

स्पर्धेला ते रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मोठ्या इंग्रजी शाळेचं सभागृह होतं. सुरुवातीला माझा आवाज कापत होता. मागावरच्या बीमचं सांगताना हात आपोआप खांद्याकडे गेला, आणि पुढे मी कुठे अडखळले नाही.

परीक्षक बाईंनी विचारलं, “झाडाचा आणि उजेडाचा काय संबंध?”

“फटीतून उन्हाचा झोत सरळ उतरतो ना, तो लोकांना झाडाच्या खोडासारखा दिसला असेल.”

त्यांनी मान डोलावली. “आणि हाच शब्द का निवडलास?”

“माझे वडील बीम चढवतात. ते मागे बसलेत.”

सगळ्या माना वळल्या. आप्पा गडबडून उभे राहिले, त्यांनी हात जोडले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सभागृहभर टाळ्या झाल्या. माझी मान ताठ होती.

दुसरा नंबर आला. घरी परतताना मी विचारलं, “आप्पा, इंग्रजी काही कळलं का?”

“बीम कळना, बाकी काही नही. बाजूवालाले सांगी दिधं, मनी पोर शे ती.”

पुढच्या रविवारी त्यांचा एक वऱ्हाडी सोबती मुद्दाम घरी आला. दारातूनच म्हणाला, “पोरी, मागावरच्या धोट्याले शटल म्हणते ना, त्याचं मूळ काय हाय? सांग बरं.”

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ते येणारच. “काका, बसा तर आधी,” मी म्हटलं. “शोधून सांगते.”