भूमच्या पोरीचा प्रोजेक्ट

लोहाऱ्यातल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. पन्नाशीचे, चष्मा कायम कपाळावर. सॉफ्टवेअरची पॅकेजेस इन्स्टॉल होऊ लागली की स्क्रीनवर येणारं एकेक नाव ते हळू आवाजात वाचतात, हजेरी घेतल्यासारखं.

परवा प्रॅक्टिकल परीक्षेला तासभर उरला असताना मी त्यांना परीक्षेला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी दिली.

"जुन्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका, आधीची पॅकेजेस आहेत त्याच कप्प्यात. पाच मिनिटांत होईल."

"न्हाय सर. तिथं त्या भूम गावच्या पोरीचा प्रोजेक्ट चालतोय. नवीन टाकलं की जुनं बदलतंय, तिचं बंद पडंल. आपण नवीन एन्व्हायर्नमेंट करू, एकदम वेगळं."

"अहो, बाहेरचे परीक्षक येतायत. उशीर झाला तर काय सांगू?"

"माझं नाव सांगा की."

नेट रेंगाळत होतं. एक पॅकेज बसेचना. शेवटी त्यांनी त्याची आधीची आवृत्ती शोधून बसवली. परीक्षा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. परीक्षकांनी कारण विचारलं आणि मी खरंच त्यांचं नाव सांगितलं. यादी मीच उशिरा दिली होती, हे सांगितलं नाही. मुलांदेखत त्यांना लई बोलणी बसली. त्यांनी ती उभ्यानं ऐकून घेतली.

दुपारी त्या मुलीचा प्रोजेक्ट पहिल्याच खेपेला चालला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगायला गेलो, तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं.

त्यांची माफी मी अजून मागितलेली नाही. भेटलो की आम्ही पावसापाण्याचं बोलतो.