यसूसाठी कोरडी हवा

दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी माझी बदली मोटार ट्रान्सपोर्टच्या एका कंपनीत झाली. ठिकाण रावळपिंडी. मालाने भरलेल्या लॉऱ्या ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्याला पोचवायच्या आणि रेल्वेने परत यायचं, हे आमचं काम. प्रत्येक लॉरीवर दोन ड्रायव्हर. माझा जोडीदार धोंडिबा. तो वेल्ह्याचा, मी हिर्डोशीचा. आमच्या दोन गावांत डोंगर आडवे आहेत, पण रावळपिंडीत आम्ही एका आळीचेच झालो.

साडेचारला उठायचं, सव्वापाचला इंजिन सुरू. दर दोन तासांनी दहा मिनिटं हॉल्ट. हॉल्टवर बोलणं एकाच विषयावर, कुठल्या शहराची हवा चांगली. शहरातलं दुसरं काही आमच्या वाट्याला येतच नसे. कॅम्प नेहमी गावाबाहेर, आणि पहाटे गाव मागे पडलेलं.

हवालदार करतारसिंग लाहोरच्या थंडीपुढे कुणाचं ऐकत नसे. माझं मत दिल्लीला. दिवाळीच्या सुमारास तिथे असं मऊ ऊन पडतं की पाठ शेकत बसावं आणि लढाई दुसऱ्या कुणीतरी करावी. बनारसची संध्याकाळ बरी, पण डास फोडून खातात. आसनसोलला कोळशाने नाक काळं होई. कलकत्त्यात सदरा तीन दिवस वाळत नसे.

"त्यापरीस आपलं येल्हं काय वाईट?" धोंडिबा म्हणायचा, पण हसायचा नाही.

त्याची परीक्षा आमच्यासारखी नव्हती. खाली उतरला की तोंड मिटून नाकाने लांब श्वास घ्यायचा आणि भेटेल त्या चहावाल्याकडे मला ढकलायचा. "रामा, इच्यार की, हितं कुणाला दमा हाय का." मी मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत विचारायचो. लोक हसायचे.

त्याला यसू नावाची सहा वर्षांची मुलगी होती. आषाढ लागला की तिची छाती वाजायला लागे, आणि चार महिने पोरगी चुलीपाशी बसून काढी. कोरड्या हवेत न्या, नाहीतर पोर जगत नाही, असं वैद्याने सांगितलं होतं. लढाई संपली की हवा चांगली असेल त्या शहरात बिऱ्हाड करायचं, एवढ्यासाठी धोंडिबा हा रस्ता बघत होता.

त्याला लिहिता येत नव्हतं. पत्रं मी लिहायचो, आणि पत्रात नुसती हवा. 'मुक्काम अंबाला. हवा कोरडी. सकाळी गार.'

"लेका, वहिनी कशी आहे ते तरी विचार," मी चिडवायचो.

"त्ये तिला ठावं हाय. तू हवा लिव."

जूनमध्ये आम्ही कानपूरला पोचलो. संध्याकाळी त्याने सांगितलं, 'मुक्काम कानपूर. हवा गरम. गिरण्यांचा धूर लई.' मग थांबला. "ऱ्हायलेलं उद्या अलाहाबादेला लिवू." मी कागद घडी करून खिशात ठेवला.

सकाळी हवालदाराने ऑर्डर दिली. "दस से चार, शीशा बंद. मुँह पर गीला कपडा. हर हॉल्ट पर पानी. लू चल रही है."

लू म्हणजे तिकडचा उन्हाळ्यातला तापलेला वारा. आम्ही ऑर्डर ऐकली, पण ती आम्हाला पटली नाही. आमच्याकडे उकाडा झाला की माणूस वरंध घाटाच्या तोंडाशी जाऊन वाऱ्याकडे तोंड करून बसतो. वारा माणसाला मारतो हे आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. अकराच्या सुमारास केबिनची भट्टी झाली. व्हील माझ्या हातात होतं. मी पुढची काच एका हाताने वर ढकलून उघडली.

"आर्डर हाय ना रं?" धोंडिबा म्हणाला.

"वारा तर आहे. त्यानं काय होतंय?"

मी तोंडावरचं फडकं काढलं नाही. गाठ सोडायला दोन्ही हात व्हीलवरून काढावे लागले असते म्हणून, शहाणपण म्हणून नव्हे. धोंडिबाने काढलं, कारण फडक्यातून त्याला हवेचा वास घेता येईना. सदराही काढला. बाराच्या हॉल्टला तो पाणी प्यायला नाही. तहान नाही म्हणाला.

एकच्या पुढे त्याने दंड माझ्यापुढे धरला. घामाचा थेंब नव्हता.

"बघ रामा. आंग कसं कोरडं ठाक. ही हवा पायजे यसूला."

मी म्हणालो, "मग अलाहाबाद पक्कं."

घाम थांबणं हीच लू लागल्याची खूण, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी आम्हा दोघांना आनंद झाला होता. दमट मुलखातल्या माणसाला कोरडं अंग म्हणजे सुख वाटतं. अजून वाटतं, आणि अजून मला त्याची भीती वाटते.

दीड वाजता त्याचं बोलणं जड झालं. एक चाळीसला मान छातीवर आली. मी लॉरी कडेला घेऊन हॉर्न दाबून धरला. डिस्पॅच रायडर मोटारसायकल वळवून आला.

"क्या हुआ?"

"लू."

कडुलिंबाखाली त्याला निजवलं. हवालदाराने विहिरीचं पाणी आणवलं, ओली गोणपाटं अंगावर टाकली, स्वतः कुणाची तरी टोपी पंख्यासारखी हलवत बसला. अडीचला अ‍ॅम्ब्युलन्स आली. पाच वाजून दहा मिनिटांनी धोंडिबा गेला. शुद्ध आली नाही.

मी हवालदारापुढे उभा राहिलो. "काच मी उघडली, हवालदारसाब."

 त्याने विचारलं, "घर में कौन है?"

"बेटी."

"तो उसका काम तू करेगा."

लढाई संपल्यावर श्रावणात मी वेल्ह्याला चालत गेलो. यसू चुलीपाशीच होती. छातीची शिट्टी मला अंगणातून ऐकू आली. मी वहिनीला काचेसकट सगळं सांगितलं आणि कानपूरचं अर्धं पत्र पुढे ठेवलं. ती रडली. मग तिने एकच विचारलं.

"भाऊजी, त्यांना हवा गावली का?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला रडू आवरेना. ती म्हणाली, "मग ऱ्हायलेलं तुमीच लिवा." पत्र माझ्याकडेच राहिलं.

चौदाशे मैलांच्या रस्त्यावर जे सुचलं नाही ते वेल्ह्याहून परतताना नसरापूरला पाऊस विरळ झाला तेव्हा सुचलं. माझी बहीण भोंगवलीला दिली आहे. तालुका आमचाच, पण आमच्याकडे भाताची आवणी चालू असते तेव्हा हे लोक ढगाची वाट बघत बसतात. त्या उघड्या, उन्हाच्या गावाला आम्ही हिर्डोशीकर नावं ठेवायचो. वैशाखात मायलेकींना तिथे नेलं. बहिणीने पडवी दिली, वहिनी मळ्यात कामाला लागली. पहिल्या पावसाळ्यात यसूची छाती थोडी वाजली. दुसऱ्यात कमी.

तिसऱ्या वर्षी भर आषाढात मी गेलो, तर यसू लांबच्या बांधावरून मला बघून धावत आली. माझ्यापाशी येऊन थांबली.

"काका, काय आणलं?"

 मी तिचा श्वास ऐकत होतो. शिट्टी वाजत नव्हती. इतका आनंद मला लढाई जिंकल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

त्या दुपारी पडवीत बसून मी खिशातला जुना कागद उघडला आणि कानपूरच्या खाली लिहिलं:

'मुक्काम भोंगवली. हवा कोरडी. यसू पळते.'