ड्रायर थांबला की

परतूरच्या त्या दालमिलमध्ये संपतला हाक मारायची तर लोक जरा लांब उभं राहून मारायचे. कारण त्याचं उत्तर तोंडाआधी हातानं यायचं. उलट बोलणारा हमाल असो, रुसलेला मेहुणा असो की न ऐकणारा पाइप, सगळ्यांना एकच औषध: बत्तीस नंबरचा पाना. कुंभार पिंपळगावच्या बाजारात एकदा बैलानं ढुशी दिली, तर हा पठ्ठ्या उलट बैलालाच मारायला धावला होता. लोक हसले, पण तेही लांबूनच.

कॉम्प्रेसरची खोली त्याच्या ताब्यात होती. तिथली दाबलेली हवा पाइपांतून डाळ निवडायच्या मशीनकडं जायची आणि तिच्या फुंकरीनं खडा, काळा दाणा बाजूला उडायचा. पण हवा दाबली की तापते, आणि निवली की तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटते. त्या पाण्यानं हवेच्या टाकीचं बूड आतून गंजत गेलं. 'सीझन होऊ दे' म्हणत शेठनं टाकी काही बदलली नाही.

एका दुपारी ती फुटली. पत्रा कोयत्यासारखा फिरला आणि संपतचा धाकटा भाऊ कल्याण मांडीपासून चिरला गेला. त्या धुरळ्यात शिरून त्याला पाठीवर घेऊन बाहेर पळाला तो सोहेब, संपतच्या जोडीला असलेला फिटर. जालन्याच्या वाटेवर टेम्पोतच कल्याण गेला. त्या दिवशी संपतनं शेठच्या ऑफिसची काच, टेबल, खुर्च्या फोडल्या. शेठ मागच्या दारानं पळाले म्हणून वाचले. पुढं राग शेठवरून उतरला आणि पाण्यावर जाऊन बसला. कुठं थेंब दिसला तरी संपत पिसाळायचा.

मग नवी टाकी आली, आणि तिच्या आधी बसवायला ड्रायर. फ्रिजच्याच जातीचा. गरम हवा त्यात थंड होते, पाणी गळून बाहेर पडतं, आणि निघता निघता तीच थंड हवा आत येणाऱ्या गरम हवेला निववून जाते. कंपनीचा इंजिनिअर हे समजावत होता तेव्हा संपत फाटकात एका ट्रकवाल्याची गचांडी धरून उभा होता. सोहेबनं मात्र सगळं ऐकलं: काम कमी असलं की साठवलेल्या थंडीवर भागतं, ड्रायर आपोआप थांबतो आणि तेवढी वीज वाचते. ते संपतला सांगायचं राहून गेलं. सीझनभर ड्रायर थांबलाच नव्हता.

अमावास्या होती, मोंढ्यातला बाजार बंद. मिलमध्ये एकच मशीन चालू होतं. संपत जेवून आला तर ड्रायर गप्प, आणि शेजारी सोहेब फडक्यानं हात पुसत उभा.

"कोणी बंद केलं रे?"

"कोणी न्हाई, संपतभाऊ. त्यो खुद..."

पुढचं ऐकायला संपत शुद्धीत होता कुठं? तळपायाची आग मस्तकात गेली होती. "इथंच गेल्ता ना माझा भाऊ? पुन्हा पाणी भरून राह्यला का टाकीत?"

पान्याचा पहिला घाव खांद्यावर बसला. डोकं वाचवायला सोहेबनं हात वर केला, तर दुसरा त्या हातावर; हाड मोडल्याचं ऐकू आलं. तिसऱ्यानं भुवई फाटली. तो भिंतीला घासत खाली बसला तरी संपत लाथा घालत होता. "सांग! कोणी बंद केलं?"

पुन्हा पाना उगारला, आणि मागं घर्र झालं. ड्रायर सुरू झाला होता. बटणापाशी कोणीच नव्हतं.

"त्यो खुदच थांबतो, भाऊ," सोहेब रक्त थुंकत म्हणाला. "बिजली वाचवायला."

संपतनं त्याला पाठीवर घेतलं आणि तो दवाखान्याकडं धावला.

सोहेबनं पोलिसांना सांगितलं, शिडीवरून पडलो. संपत त्याच्या घरी गेला आणि सोहेबच्या आईपुढं, रहिमाबीपुढं, त्यानं पाना धरला. "मारा, चाची."

"कल्याणला उचललं त्यो हाच हात ना रे?" ती म्हणाली. "हाच तोडला तू?" तिनं दार लावून घेतलं.

हाड जुळलं, पण वाकडं. सोहेब कामावर आला, दोघं पुन्हा त्याच खोलीत. मंदीचे दिवस, ड्रायर दिवसातून कितीदा तरी थांबायचा. थांबला की सोहेब हातातलं काम सोडून दाराशी जाऊन उभा राहायचा. संपतला आधी वाटलं, तंबाखूला जात असेल. मग कळलं, तो पळायची वाट मोकळी ठेवतो.

त्यानं इंजिनिअरला गाठलं. "हे सारखं चालू ठेवता येईल का?"

"अहो, थांबतो म्हणून तर वीज वाचते!"

"जळू द्या वीज. थांबू देऊ नका त्याला."

"त्याची बनावटच तशी आहे," इंजिनिअर हसला.

संपतनं खोलीची किल्ली शेठपुढं ठेवली आणि हमालांत जाऊन पोती उचलायला लागला.

अजूनही ड्रायर थांबला की सोहेब दारात येतो आणि आवारात संपत कुठं आहे ते बघतो. संपत पाठीवरचं पोतं दोन्ही हातांनी धरून जागच्या जागी उभा राहतो, हात सोहेबला दिसतील असे. सोहेब आत गेल्याशिवाय तो पोतं खाली ठेवत नाही.