पळण्याचा हुकूम

जंगलाचा सिनेमा काढायला मुंबईहून जी कंपनी आमच्या ग्वाल्हेरला आली, तिच्याकडे सिंह नव्हता, हत्ती नव्हता आणि जंगलही नव्हतं. मुरारच्या बागांतून केळीची झाडं बैलगाडीनं आणायची, शहराबाहेरच्या बाभळींना बांधायची. दुपारपर्यंत ती माना टाकायची, उरलेली बकऱ्या खायच्या. गोऱ्या साहेबांच्या काळापासून छावणीत दाखवल्या जाणाऱ्या एका इंग्रजी जंगलपटाची ही स्वस्तातली नक्कल. मी तिथं कंपनीचा गावातला माणूस होतो.

का होतो, तेही सांगतो. संस्थान गेलं, मध्यभारत आलं, आणि आता मध्यभारतही जाऊन राजधानी भोपाळला चालली होती. आमच्या कचेरीची कपाटं दोरखंडांनी बांधून तयार होती. माझ्यासारख्या कच्च्या नेमणुकीच्या कारकुनांना मात्र चला असं कोणी म्हणालं नव्हतं. डायरेक्टर म्हणाला, काम नीट झालं तर तुला असिस्टंट म्हणून मुंबईला नेतो. मला ते फार हवं होतं.

त्याला पन्नास रानटी पाहिजे होते. आमच्या शिंदे की छावनी या मोहल्ल्यात संस्थानच्या मोडलेल्या फौजेचे शिपाई रिकामे बसलेले. माझे वडील, आबा, त्यांचे सुभेदार. फौज मोडली त्या दिवशी वरून आलेला कागद त्यांनीच परेडवर वाचून दाखवला होता, की नव्या सैन्यात सगळ्यांची सोय होईल. निम्म्यांची झाली नाही. तरी दसऱ्याला ती माणसं सोनं द्यायला आबांकडेच यायची. आबांजवळ तेवढंच उरलं होतं.

मी आबांना सांगितलं, सिनेमातल्या राजाच्या फौजेतले सैनिक व्हायचंय, आणि ते माणसं घेऊन आले. पहिल्या सकाळी कोळशाची पूड आणि तागाचे घागरे वाटले, तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पहिला हात स्वतःच कोळशात घातला.

त्यानंतरचे तीन दिवस आठवले की अजून माझी चिडचिड होते. रानटींनी वाटेल तसं ओरडत धावून यायचं होतं. ही माणसं चार पावलांत रांगेत. डावा पाय सगळ्यांचा एकदम. भाले वेडेवाकडे धरा म्हटलं, तर पन्नास भाले एकसारखेच वेडेवाकडे. डायरेक्टर घसा बसेपर्यंत ओरडला आणि शेवटी खाली बसून म्हणाला, "अरे भाई, आदमखोर हैं या पंद्रह अगस्त की परेड?" रिळं संपत आलेली, हीरोचं परतीचं तिकीट काढलेलं.

हल्ला कसाबसा झाला. अडलं ते पळण्यावर. हीरो हवेत बार काढणार आणि पन्नास जणांनी पाठ फिरवून पळायचं. बार झाला. कोणी हललं नाही. परत केला, परत तेच. एका हवालदारानं मला बाजूला घेऊन समजावलं, "भैया, मरायला सांगा, आत्ता पडतो. पाठ दाखवायची तर सुभेदारसाहेबांचा हुकूम पाहिजे."

मी आबांकडे गेलो. ते म्हणाले, "तो हुकूम मी कधी दिला नाही. आता सोंगातही देणार नाही."

डायरेक्टरला मेलेले नको होते. मूळ सिनेमात पळतात, म्हणून पळायलाच हवे होते. ऊन कलायला लागलं होतं. मी आबांना म्हटलं, तंबूत हजेरीपटावर तुमची सही पाहिजे. ते गेले. मग मी त्यांच्या माणसांसमोर उभा राहिलो.

"आबांचा हुकूम झालाय. बार झाला की पळा."

पळाले. इतके मनापासून पळाले, की डायरेक्टर टाळ्या वाजवायला लागला. आवाज ऐकून आबा तंबूच्या दाराशी आले होते, हातात टाक तसाच. त्यांच्या दोन्ही बाजूंनी त्यांचीच माणसं पाठ दाखवून गेली. तो हवालदार धापा टाकत परतला आणि काळ्या तोंडानं सलाम ठोकून म्हणाला, "हुकुमाप्रमाणे, साहेब."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो.

"बरोबर," ते म्हणाले. "मीच दिला होता."

ते चालत घरी गेले. त्याबद्दल मला एका शब्दानं कधी विचारलं नाही, आणि ते विचारतील म्हणून मी थांबून राहिलो. गल्लीत बोललं जाऊ लागलं, की यांनी आधी बंदुका ठेवायला लावल्या, आता सिनेमासाठी पळायला लावलं. त्या दसऱ्याला आबा कोट घालून दिवसभर बाहेर बसले. चौघे आले. पुढच्या वर्षी कोणीच नाही.

मुंबईहून पत्र आलं नाही. पुढे मी भोपाळलाच दुसऱ्या एका खात्यात चिकटलो. सिनेमा ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आठवडाभर चालला. आमचं पळणं चहाचा घोट घ्यावा एवढा वेळ पडद्यावर होतं, आणि लोक हसले. आबा असताना सांगायचं मी दर सुट्टीत ठरवायचो. ते गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या महिन्यात त्या हवालदाराच्या घरी जाऊन आलो. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. मी सगळं सांगितलं: सही, तंबू, खोटा हुकूम. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वडलांसाठी स्वतःवर घेतोस, चांगलं आहे," ते म्हणाले. "पण साहेब आपल्या तोंडानं बोलले होते. ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हते, भैया."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.