मावशीने पुसलेले तारे

माझी मावशी फोटो साफ करते. म्हणजे पडद्याला नाक टेकवून लोकांचे मुरूम, जुन्या फोटोंवरची धूळ आणि कडेने घुसलेली पाहुण्यांची कोपरं नाहीशी करते. ठिपका दिसला की तिचा हात आपोआप चालतो. टेबलावर मीठ सांडलं तरी बोट वळवळतं. एकदा या भरात तिने एका गृहस्थांच्या गालावरचा तीळ उडवला. त्यांच्या बायकोने फोटो हातात घेऊन अगदी शांतपणे विचारलं, "हे कोण?"

यंदा विज्ञान केंद्राने तिला यानाबाहेर तरंगणाऱ्या अंतराळवीराची जुनी फिल्म साफ करायला दिली. काम पसंत पडलं तर केंद्रातली सगळी रिळं तिच्याकडे येणार होती, आणि स्टुडिओच्या मालकाच्या "जरा गोरं करा हो, जरा गोरं"मधून तिची सुटका होणार होती.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी केंद्राचे व्यवस्थापक फिल्म न्यायला स्टुडिओत आले. त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'म्हणजे काय, की'चं इंजिन जोडलेलं असतं. त्यांनी फिल्म पाहिली, मान डोलावली.

"छान. म्हणजे काय, की फारच छान. पण ताई, तारे कुठे गेले?"

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी काढले," ती म्हणाली.

"काय काढले?"

"ठिपके. पांढरे. ढिगाने."

व्यवस्थापक मिळेल त्या स्टुलावर बसले. "तासाभरात लोक येतील. म्हणजे काय, की... ताई, तुम्ही आकाश पुसलंत?"

तिने मूळ फिल्म उघडली. पडदाभर काळोख, मध्ये पांढऱ्या पोशाखातला माणूस आणि आजूबाजूला ठिपकेच ठिपके.

"संपलं," मावशी पुटपुटली.

"फिल्मचं पुढचं चित्र लावा बरं," व्यवस्थापक म्हणाले.

तिने कळ दाबली. ते ठिपके गेले, दुसरीकडे दुसरे आले. आणखी एक चित्र. तेही गेले, आणि अंतराळवीराच्या डोक्यावर एक लांब केस उगवला.

"हे तारे असतील तर झुरळांसारखे पळतायत," मावशी म्हणाली. "धूळच आहे ही."

"मग खरे तारे?"

"मुळातच नाहीत."

"अंतराळात तारे नाहीत, असं लोकांना सांगू? ते म्हणतील, हे शूटिंग कुठल्या तरी गोदामात उरकलंय. मग बाकीची रिळं मला तुमच्याकडे देता यायची नाहीत, ताई."

मावशी त्या पोशाखाकडे बघत राहिली. त्याची एकेक चुणी दिसत होती. मग ती उठली. "तुम्ही खिडकीपाशी उभे राहा."

व्यवस्थापकांचा शर्ट पांढरा होता. तिने त्यांच्यावर मोठा दिवा सोडला. त्यांच्या मागे, लांबच्या टेकडीवर घरांचे बारीक दिवे लागले होते. तिने फोटो काढला. शर्टाच्या गुंड्यासुद्धा मोजता आल्या असत्या, पण टेकडी काळीकुट्ट.

"दिवे कुठे गेले?" व्यवस्थापक मागे वळून म्हणाले. दिवे जागेवरच होते.

"हलू नका." दुसऱ्या फोटोला तिने कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवला. टेकडी लुकलुकली, आणि व्यवस्थापकांच्या जागी एक पांढरं भूत उभं राहिलं.

"तिथे लख्ख ऊन आहे," मावशी म्हणाली. "तो माणूस नीट दिसावा म्हणून कॅमेऱ्याने डोळा मिचकावला फक्त. तेवढ्यात ताऱ्यांचा उजेड काय पोचणार?"

"म्हणजे काय, की एक तर माणूस, नाही तर तारे."

"हो."

त्यांनी पुन्हा एकदा टेकडीकडे पाहिलं. "तरी चार टाकता का? लोकांना बरं वाटेल."

"टाकलेले कळतात. मग आहे तेही खोटं वाटतं. मी नाही टाकणार."

त्यांनी फिल्म पिशवीत घातली. "मग लोकांपुढे बोलायचं काय?"

"आत्ता पाहिलंत ते."

"म्हणजे काय, की तिथे ऊन..." जिन्यावरून त्यांची तालीम ऐकू येत राहिली. दर मजल्यावर ते पहिल्यापासून सुरू करत होते. "उरलेली रिळं उद्या पाठवतो," खालून ओरडले.

मावशी पुन्हा पडद्याला नाक लावून मूळ फिल्मचं एकेक चित्र पुढे सरकवत होती. एखादा ठिपका जागचा हललाच नाही तर, म्हणून.